गादीखालचे लॅपटॉप

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आमच्या चर्चच्या सभागृहात, आमच्या खुर्चीवर बसून, आमचा कोको पिऊन तुम्ही सांगितलंत की फालेतोआ गावच्या लोकांना चांगली वस्तू देऊन उपयोग नाही, त्यांना ती सांभाळता येत नाही. एक लॅपटॉप उघडून उंच धरलात आणि स्क्रीनवर उमटलेले चौकोन सगळ्यांना दाखवलेत. "बघा, हा बेफिकिरीचा छाप," म्हणालात. त्या खेपेला सावाई बेटावर जेमतेम एक दिवस होतात. एकाही घराची पायरी चढला नाहीत. अहो, बेफिकीर माणूस वस्तू कुठे टाकतो? अंगणात टाकतो, उन्हात टाकतो, डुकरांच्या वाटेत टाकतो. आमच्या लोकांनी तुमचे लॅपटॉप कुठे ठेवले होते, एवढं एक विचारायचं होतं. ते विचारलं नाहीत आणि निकाल देऊन मोकळे झालात.

विचारलं असतंत तर तेलेसियाबाई तोंडघशी पडली असती. तिला ते पक्कं माहीत होतं. म्हणूनच ती गप्प बसली.

तेलेसिया आमच्याच गावची. शाळेत वरच्या वर्गाला शिकवते. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होणार होती आणि तिचं नाव वर गेलं होतं, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. शाळेतल्या पोरांसाठी लॅपटॉप आले तेव्हा त्यांच्यासोबत तुमच्या शिक्षण खात्याचा एक कागद आला. पालकांना समजावून सांगा: वस्तू महाग आहे, सपाट ठेवा, कोरडी ठेवा, धूळ लागू देऊ नका, चारचौघांच्या नजरेला पडेल अशी ठेवू नका. कागद कोरडा होता. तेलेसियाला वाटलं, असं वाचून दाखवलं तर एकाच्याही डोक्यात शिरणार नाही. म्हणून पालकांसमोर तिनं कागदाची घडी घातली आणि आपल्या शब्दांत सांगितलं:

"घरातली इये तोगा जशी जपता ना, तसा हा लॅपटॉप जपा. मला दुसरं काही सांगायचं नाही."

बायकांनी माना डोलावल्या. इये तोगा म्हणजे केवड्याच्या पातीची चटई, पण तिला चटई म्हणणं म्हणजे पैठणीला फडकं म्हणण्यासारखं आहे. इतकी बारीक विणतात की हातावर घेतली तर कापडासारखी ओघळते. विणताना बाईची नजर जाते. लग्नात, मयतात, मानपानात ती द्यायची, तीच घ्यायची. तेलेसियाचं वाक्य पाद्रीबाबांना एवढं आवडलं की त्यांनी रविवारच्या प्रवचनात घेतलं. तेलेसिया पुढच्या बाकावर बसली होती. तिची मान ताठ झालेली आम्ही मागून पाहिली.

आणि गावानं तिचा शब्द पाळला. अगदी अक्षरशः पाळला.

आमच्या घरांना भिंती नसतात. खांब, छप्पर, खाली ओटा, चारी बाजूंनी वारा. अशा घरात मोलाची वस्तू कुठे ठेवायची? पिढ्यान् पिढ्या एकच जागा आहे. गादीखाली. इये तोगाची घडी गादीखाली सरकवायची आणि वर घरातल्या थोरल्या बाईनं झोपायचं. पाऊस लागत नाही, कोंबडी चढत नाही, चोराचा हात पोचत नाही, घडी सपाट राहते. त्या चटईवर बसायची कुणाची छाती नाही, पण तिच्यावर गादी टाकून अख्खं घर घोरतं. त्याच रांगेत लॅपटॉप गेले. रोज संध्याकाळी प्रार्थनेचा शंख वाजला की पोरांनी झाकण मिटायचं, आईनं नाहीतर आजीनं तो दोन्ही हातांनी उचलून गादीखाली ठेवायचा. देवघरात ठेवावा तसा.

त्या लॅपटॉपांचं झाकण मिटलं की बटणं काचेला जवळजवळ टेकतात. मधे केसाएवढी जागा. वर आजी.

पहिल्यांदा डाग दिसले तेव्हा पोरांनी लुंगीच्या टोकानं पुसले. पुसले जायचे. मग पुसले जाईनासे झाले. वर्गात रूता नावाची हुशार, तोंडाळ पोरगी आहे. ती एक दिवस म्हणाली, "बाई, माझ्या पानावर लिहिण्याआधीच सगळी बटणं लिहून आलीयत."

तेलेसियानं वाकून पाहिलं. पांढऱ्या पानावर फिकट चौकोनांच्या रांगा, खाली एक लांब पट्टी, आणि कोपऱ्यात जांभळट काळा ठिपका. मार लागल्यावर उमटतो तसा.

मागून एक पोरगा ओरडला, "बाई, तो सिनापाती आजीचा छाप आहे!"

"कुठल्या बाजूचा रे?" दुसरा म्हणाला.

"ज्या बाजूनं आजी बसते!"

वर्ग फुटला हसून. सिनापाती आजी, म्हणजे रूताची आजी, अंगानं दांडगी. बसमध्ये चढली की ड्रायव्हर आरसा सरळ करतो. तेलेसियालाही हसू आलं. हसता हसताच तिनं विचारलं, "आजीचा काय संबंध?"

"ती झोपते ना वर," रूता म्हणाली. "चटईसोबत ठेवलाय. तुम्हीच सांगितलंत की, बाई."

तेलेसियाचं हसू तिथंच आटलं. तिनं एकेकाला विचारलं. गादीखाली. गादीखाली. आमच्याही. आमच्या गादीवर तर आई-बाबा दोघं झोपतात, बाई. पुन्हा खिदळणं.

त्याच वेळी सांगायचं होतं. "पोरांनो, माझं चुकलं. घरी जा, आत्ताच्या आत्ता बाहेर काढा." एवढंच. पण पाद्रीबाबांनी प्रवचनात घेतलेलं वाक्य. वर गेलेलं नाव. तिनं घसा खाकरला आणि म्हणाली, "झाकण हळू मिटत जा." झाकण हळू मिटत जा! त्या रात्रीही गावातल्या सगळ्या आज्या ठरल्या जागी झोपल्या, आणि तेलेसियाला आपल्या अंथरुणावर पडल्या पडल्या वाटलं की प्रत्येक घरातलं वजन कुणीतरी आणून आपल्या छातीवर ठेवतंय. सकाळी ती शाळेत गेली आणि काहीच बोलली नाही. एकदा बोललं नाही की दुसऱ्या दिवशी बोलणं जास्त जड जातं. तिसऱ्या दिवशी तर आपण का बोललो नाही तेही सांगावं लागतं.

मग साहेब आले. साहेब म्हणजे तुम्हीच, पण गोष्टीत तुम्हालाही साहेबच म्हणायला हवं. लॅपटॉप तपासले, सभा लावली आणि बॅगेतून आपलाही तसलाच लॅपटॉप काढून समोर ठेवला. उंच धरून दाखवला तो नेमका रूताचा. "हा कुणाच्या घरचा?" विचारलं. सभागृहात कुजबुज झाली आणि माना सिनापाती आजीकडे वळल्या. आजी पंख्यानं वारा घेत होती. पंखा थांबला.

"आजी, यावर काय ठेवलं होतं? अळूचं पोतं? नीरफणस?" साहेबांनी हसून विचारलं. मागे दोघातिघांनी त्यांना बरं वाटावं म्हणून हसून दिलं. आजीनं मान खाली घातली. भरल्या सभेत 'मी त्यावर झोपत होते' असं म्हणायला तिची जीभ रेटेना.

साहेबांनी मग निकाल सांगितला. शुक्रवारी येऊन सगळे लॅपटॉप उचलणार. या गावाला पुन्हा मिळणार नाहीत. परीक्षा तोंडावर होती, सरावाचे सगळे धडे त्या लॅपटॉपातच होते, पण ते ज्याचं त्यानं बघावं. आणि शेवटी तेलेसियाकडे हात करून म्हणाले, "तुमच्या बाईंनी आपलं काम चोख केलं. तुम्हाला ऐकायला नको, त्याला त्या काय करणार?"

तेलेसियाच्या ओठांपर्यंत आलं होतं. तिनं ते गिळलं.

सभा सुटल्यावर गाव आजीच्या अंगावर तुटून पडलं. साहेबावर तोंड टाकायची हिंमत नव्हती ना, मग म्हातारी बरी सापडली.

"आमच्या पोरांचं काय आता?" दुकानवाली लुसिया म्हणाली. "तुझ्या एका घरापायी."

"तुझा बघू लॅपटॉप," रूता आजीच्या मागून ओरडली. "त्याच्यावर पण आहेत चौकोन!"

"पण काळा डाग नाही ना! दाखवायला तुमचाच सापडला ना!"

तेलेसिया तिथून निघाली ती शाळेत गेली. कपाटात तिचा स्वतःचा, त्याच खेपेतला लॅपटॉप होता. त्यावर कधी कुणी झोपलं नव्हतं, साधं पुस्तकसुद्धा ठेवलं नव्हतं. तिनं पांढरं पान उघडलं, खिडकीकडे तिरपं धरलं. चौकोन होते. फिकट, पण होते. म्हणजे वस्तूच तशी. नुसती मिटली तरी काचेला दात लावणारी. तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची तिला इतकी किळस आली की तिनं झाकण धाडकन आपटलं.

घरी नवरा इओसेफा मासे साफ करत होता. त्यानं वर न बघताच विचारलं, "सांगून आलीस?"

"काय सांगायचं?"

"तेच. झोपेत बडबडतेस ते. गादी, गादी."

ती ओट्याच्या कडेला बसली. "मुख्याध्यापकाचं पत्र यायचंय रे."

"मग नको सांगू."

"असं कसं नको सांगू?"

"मग सांग."

"तुला काय जातंय बोलायला!"

"माझं काय जात नाही," इओसेफा म्हणाला. "म्हणून तर दोन्ही सुचवलं. आता निदान जेव तरी नीट. तू ताटातला कंद कुस्करत बसतेस, आणि मग कुत्रा जाडा होतोय असं म्हणतेस."

ती त्या दिवशी सांगायला गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सिनापाती आजीच्या घरावरून जायची वाट टाळून ती समुद्राकडून शाळेत जायला लागली. चपला वाळूनं भरायच्या.

शुक्रवारी पहाटे इओसेफा जाळं घेऊन बाहेर पडला आणि तसाच परत आला. त्याच्या चेहऱ्यावरची थट्टा गेली होती.

"तेले, ऊठ. बाहेर ये."

अंगणात, दव पडलेल्या गवतावर, घराकडे तोंड करून कुणीतरी मांडी घालून बसलं होतं. डोक्यापासून गुडघ्यापर्यंत इये तोगा पांघरलेली. खाली फक्त जाडजूड पावलं दिसत होती. ती पावलं गावात कुणीही ओळखली असती.

आमच्यात हे कधी करतात ते सांगायला हवं. रक्त सांडलं, कुणाची अब्रू घेतली, असा अपराध झाला तर अपराध्याच्या घरचे लोक पहाटे येऊन ज्याचं नुकसान झालं त्याच्या दारात असे चटई पांघरून बसतात. मान खाली. तोंडातून शब्द नाही. समोरच्यानं पुढे होऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर ऊन असो, पाऊस असो, बसून राहायचं. जुन्या काळी कुऱ्हाडही पडायची म्हणतात. लॅपटॉपासाठी असं कुणी बसल्याचं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. पण आजीच्या लेखी बाईंचा शब्द तिच्या घरी मोडला होता.

हळूहळू शेजारपाजार जमला.

"लॅपटॉपासाठी?" लुसिया पुटपुटली. "उद्या बशी फुटली तरी बसेल ही."

"तू गप्प बस गं. तूच तिला बोल बोल बोललीस."

"मी एकटी बोलले काय?"

इओसेफा बायकोच्या कानाशी येऊन म्हणाला, "उचल ना. म्हातारी आहे."

तेलेसिया जागची हलली नाही. "उचलली तर काय होईल, कळतंय का तुला?" ती म्हणाली. "मी तिला माफ केलं असं होईल. म्हणजे अपराध तिचा, हे मी गावासमोर पक्कं करणार."

"आणि नाही उचललीस तर ऊन वर येतंय."

"ते दिसतंय मला."

"मग?"

ती अंगणात उतरली. सगळ्यांना वाटलं, झालं, आता उचलेल. तिनं चटईची कड हातात धरली, जराशी वर केली, खाली वाकली, आणि आत शिरून आजीच्या शेजारी गवतावर बसली. कड तिच्या पाठीमागे पडली.

बाहेर कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं.

आत उजेड पिवळसर होता. केवड्याच्या सुक्या पातीचा वास, आणि त्यात गादीच्या कापसाचा. आजी घामानं निथळली होती. तिनं मान वळवून पाहिलं.

"बाई, तुम्ही चुकीच्या बाजूला आलात," ती म्हणाली.

"नाही, आजी. माझी जागा हीच आहे."

"तुम्ही बाहेर उभं राहायचं. मी आत बसायचं. असं असतं ते."

"गादीखाली ठेवा असं मी सांगितलं होतं ना?"

"चटईसारखा जपा म्हणालात. म्हणून तर ठेवला. रोज रात्री हात घालून बघायची, आहे ना जागेवर." आजीनं नाक ओढलं. "पण वर झोपा असं तुम्ही नव्हतं म्हटलं. मी जड आहे बाई. ते काय आज कळलं मला? अक्कल माझी कमी पडली."

"आजी, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुम्ही सगळे कुठे ठेवता ते. साहेब यायच्या आधीपासून. पोरांनी वर्गात सांगितलं होतं. मी ठेवू नका म्हटलं नाही."

बाहेर कोंबडा आरवला, कुणीतरी त्याला हाकललं.

"म्हणजे साहेब मला अळूचं पोतं म्हणाला तेव्हा?"

"माहीत होतं."

"माझ्या रूताला लोक बोलले तेव्हा?"

"हो."

आजीचा श्वास जोरात चालला होता. चटई वरखाली होत होती. तेलेसियाला वाटलं, आता ही आपल्याला चटईखालून ढकलून देईल. दिलं असतं तरी चाललं असतं.

"सरका तिकडे," आजी शेवटी म्हणाली. "कोपरा ओढताय तुम्ही. माझ्या सासूच्या हातची आहे, फाटेल."

तेलेसिया सरकली. "आजी, मला माफ..."

"आज नाही. आज मी माफी मागायला आलेय. मागायची पण मीच आणि द्यायची पण मीच, दोन्ही एका दिवशी नाही जमायचं माझ्यानं." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मला एकटीला कशाला सांगता? मला काय कानात सांगून बोलले होते का लोक?"

तेलेसिया आत आजीला खेटून बसून राहिली. ऊन चढलं. आजीच्या दंडाचा घाम तिच्या दंडाला लागत होता.

पहिल्या फेरीबोटीनं आलेली गाडी अंगणाच्या कडेला थांबली तेव्हा अर्धं गाव तिथं उभं होतं. पोरं लॅपटॉप छातीशी धरून आली होती, द्यायला. साहेब उतरले. पायात चकचकीत चपला, खांद्याला काळी बॅग.

"हे काय चाललंय?" त्यांनी विचारलं. "बाई कुठायत? मला दुपारची बोट गाठायचीय."

"आत आहेत," इओसेफानं चटईकडे बोट केलं.

"आत म्हणजे?"

चटईतून तेलेसियानं डोकं बाहेर काढलं. केस विस्कटलेले, गालावर चटईचा वळ. चटई तिनं खांद्यावर तशीच राहू दिली.

"बाई, हे काय? उठा. शोभतं का तुम्हाला? तुमच्या पत्रावर सही व्हायचीय अजून."

ती उठली नाही. साहेबांकडे तिनं बघितलंही नाही. ती गावाकडे वळली आणि वर्गात बोलते तशा आवाजात बोलायला लागली, मागच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या.

"ऐका सगळे. चटईसारखा जपा असं मी सांगितलं. तुम्ही गादीखाली ठेवलेत. तुमचं काही चुकलं नाही. डाग का पडतात ते मला सभेच्या आधीच कळलं होतं. मी लपवलं. मला मुख्याध्यापक व्हायचं होतं. सिनापाती आजीला तुम्ही बोललात, तेव्हा मी खाली मान घालून निघून गेले. आता काय बोलायचं ते मला बोला."

लुसियाचं तोंड उघडं होतं, ते तिनं मिटलं. रूता पुढे आली आणि आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. बाईकडे तिनं ज्या नजरेनं पाहिलं ती नजर तेलेसियाला पुरेशी होती. ती शिक्षा तिनं डोळे न वळवता घेतली.

"बरं, म्हणजे हलगर्जी तुमची," साहेब म्हणाले. "मी तसं वर कळवतो. लॅपटॉप मात्र मला न्यावेच लागतील. पोरांनो, एका रांगेत या."

"थांबा," तेलेसिया म्हणाली.

"आता काय?"

"माझ्या वाटणीचं मी सांगितलं. तुमच्या वाटणीचं राहिलंय."

"माझा काय संबंध?"

"माझा लॅपटॉप शाळेच्या कपाटात असतो. त्यावर काडीसुद्धा ठेवलेली नाही. त्यावरही चौकोन आहेत. इओसेफा, आण रे तो, सगळ्यांना दाखव." मग तिनं त्यांच्या खांद्याकडे पाहिलं. "तुमच्या बॅगेत पण याच जातीचा आहे ना, साहेब? सभेत काढला होतात."

साहेबांचा हात आपसूक बॅगेवर गेला. "तो कार्यालयाचा आहे. तो व्यवस्थित आहे."

"असेल. तुम्ही काही गादीखाली ठेवत नसणार."

"मुळीच नाही."

"मग उघडा."

"बाई, मर्यादा सोडू नका."

"मर्यादेनंच बसलेय. गवतावर बसलेय, तुमच्या पायाशी बसलेय." चटईखालून आजीचंही डोकं बाहेर आलं. घामेजलेलं, लालभडक. ती साहेबांकडे टक लावून बघायला लागली. तेलेसिया थांबली नाही. "आजी भल्या पहाटेपासून उन्हात आहे. तिला कळू दे तरी कशापायी. इथं, सगळ्यांदेखत उघडा. पांढरं पान लावा. तिरपं धरा. आणि काचेवर काय दिसतं ते या आजीला मोठ्यानं सांगा. काय दिसतं, साहेब?"